ट्रॅक्टरची विद्युत्-यंत्रणा आणि दाबाची उसळी

मृगाचा पहिला दमदार पाऊस पडून जातो, दोन-तीन दिवसांनी रान वापशावर येते आणि पेरणीची एकच घाई उडते. नेमक्या अशाच एखाद्या सकाळी ट्रॅक्टरचे सेल्फ फिरत नाही. गावातील मिस्त्री येतो, दुसऱ्या बॅटरीवरून इंजिन सुरू करून देतो, आणि डायनामो चार्जिंग करतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावरच बॅटरीची एक वायर ओढून काढतो. क्षणभर दिवे लख्ख पांढरे होतात आणि मग विझतात. ट्रॅक्टर जुन्या घडणीचा असेल, तर दोन-चार दिवे आणि अल्टरनेटरमधील डायोड एवढ्यावरच बहुधा निभावते. तो नव्या घडणीचा असेल, तर इंजिनाचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक पेटी निकामी होऊन इंजिन जागच्या जागी बंद पडते. ही पेटी तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. ती मागवून येईपर्यंत वापसा निघून गेलेला असतो.

या प्रसंगात मिस्त्रीचा हेतू वाईट नसतो. ज्या काळी ट्रॅक्टरवर डायनामो असे आणि विजेचा उपयोग सेल्फ, दोन दिवे व भोंगा एवढ्यापुरताच होता, त्या काळी ही परीक्षा सर्रास केली जाई आणि तिने बहुधा कोणाचे फारसे बिघडत नसे. इंजिन चालू राहिले नाही किंवा दिवे मंदावले, तर डायनामो बिघडला असे समजावे, असा तो साधा हिशेब होता. पुढे डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला, अल्टरनेटरच्या पोटात डायोड आले, रेग्युलेटर इलेक्ट्रॉनिक झाला. परंतु परीक्षेची रीत मात्र जुनीच राहिली. भारतात १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराविषयीचे अधिक कडक नियम लागू झाले आणि त्या वर्गात इंधनाची पिचकारी इलेक्ट्रॉनिक पेटीच्या हुकमाने मारणारी इंजिने सर्रास येऊ लागली. अशा ट्रॅक्टरमध्ये विजेचा दोष म्हणजे केवळ अंधारात काम अडणे नव्हे, तर सारे यंत्रच अडणे होय. यास्तव विजेच्या दाबाची ही उसळी कोठून येते आणि ती कशी टाळावी, हे ट्रॅक्टरधारक शेतकऱ्याने व त्याला सल्ला देणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

उसळी म्हणजे काय?

विहिरीवरून लांबच्या रानात पाइपलाइन नेलेली असते. पंप चालू असताना चढावरील नळातून शेकडो मण पाणी वेगाने वाहत असते. अशात वीज गेली की पंप थांबतो, चढावरचे पाणी मागे फिरते आणि एकतर्फी झडपेवर येऊन धडाड्‌दिशी आदळते. ज्या पाइपाने वर्षभर पंपाचा दाब सुखाने सोसला, तोच पाइप त्या एका धडकेने फुटतो. पंपाचा दाब वाढलेला नसतो. वाहत्या पाण्याला एकाएकी अडविल्यामुळे त्याच्या वेगाचे रूपांतर दाबात होते. हा अनुभव बागायती गावांतून कोणाला नवा नाही.

विजेच्या प्रवाहाचेही असेच आहे. तारेच्या वेटोळ्यांतून प्रवाह वाहत असला की त्या वेटोळ्याभोवती चुंबकीय शक्ती साठते. प्रवाह एकदम तोडला की ती साठलेली शक्ती कोठेतरी जाऊ पाहते, आणि तिला वाट न मिळाल्यास तारेच्या टोकांवरील दाब मूळ दाबाच्या कितीतरी पट चढतो. ट्रॅक्टरमध्ये अशी वेटोळी जागोजाग आहेत: अल्टरनेटर हे सर्वांत मोठे, आणि त्याखालोखाल सेल्फचा सोलेनॉइड, भोंगा, रिले, इंधन बंद करणारी विद्युत्-झडप ही लहान.

बॅटरीला आपण केवळ विजेचा साठा समजतो. पण तिचे दुसरे कामही तितकेच मोठे आहे. पाइपलाइनवर जसा हवेचा बंब बसवून धडक जिरवितात, तशी बॅटरी यंत्रणेतील लहानमोठ्या उसळ्या आपल्या पोटात घेते. ती जोडलेली असेतोवर दाब फारसा वर जाऊ शकत नाही. ती एकाएकी सुटली की हा बंबच नाहीसा होतो.

आता अल्टरनेटरकडे पाहू. त्यातील फिरत्या चुंबकाला रेग्युलेटर थोडा थोडा प्रवाह देतो; हा प्रवाह कमी-जास्त करून तो बाहेर पडणारा दाब सुमारे १४ व्होल्टांवर ठेवतो. रात्रभर दिवे चालू राहून बॅटरी उतरली असेल, तर इंजिन सुरू होताच अल्टरनेटर तिच्यात मोठा प्रवाह ओतू लागतो आणि त्यासाठी त्याचे चुंबक पूर्ण जोमात असते. नेमक्या याच वेळी बॅटरीची वायर निसटली, तर मागणी क्षणात नाहीशी होते. पण चुंबक क्षणात शांत होत नाही. रेग्युलेटरने त्याचा प्रवाह तोडला तरी त्याची शक्ती ओसरायला काही वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात १२ व्होल्टांच्या यंत्रणेतील दाब भलताच चढतो. वाहनांच्या विद्युत्-सामग्रीची परीक्षा घेण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेले आहे, त्यात या उसळीचा माथा ७९ ते १०१ व्होल्ट आणि तिचा काळ एका सेकंदाच्या पंचविसाव्या भागापासून दोन-पंचमांश सेकंदापर्यंत धरला आहे. माणसाच्या दृष्टीने हा काळ डोळ्याचे पाते लवण्याइतका. इलेक्ट्रॉनिक भागाच्या दृष्टीने तो मरणास पुरून उरणारा आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. उसळी सर्वांत मोठी केव्हा येते? बॅटरी उतरलेली असताना, इंजिन नुकतेच सुरू झालेले असताना आणि ते वेगात फिरत असताना. म्हणजे ज्या वेळी बॅटरीशी छेडछाड करण्याचा मोह सर्वांत अधिक, त्याच वेळी धोकाही सर्वांत अधिक.

एक बॅटरी, दोन ट्रॅक्टर

अनेक गावांतून अशी काटकसर दिसून येते की, दोन ट्रॅक्टर किंवा एक ट्रॅक्टर व एक मळणीयंत्राचे इंजिन यांच्यासाठी घरात एकच चांगली बॅटरी असते. ट्रॅक्टर सुरू करून घ्यायचा, बॅटरी सोडायची आणि ती दुसरीकडे न्यायची. जुन्या पद्धतीचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज राहत नाही. ते केबल ओढून बंद करता येते. त्यामुळे हा व्यवहार वरकरणी निर्धोक वाटतो. परंतु प्रत्येक वेळी बॅटरी सुटते तेव्हा अल्टरनेटरला तो धक्का बसतो, आणि नंतर दिवसभर यंत्रणा बॅटरीविना चालते, तेव्हा दाब अस्थिर राहतो. एका नव्या बॅटरीचे पैसे वाचविण्यासाठी अल्टरनेटर व रेग्युलेटर दोन्ही खर्ची घालणे ही काटकसर म्हणता येणार नाही. ज्यांना अगदीच इलाज नसेल त्यांनी निदान इंजिन बंद करूनच बॅटरी काढावी, आणि बॅटरीविना तो ट्रॅक्टर चालवू नये. इलेक्ट्रॉनिक पेटीच्या ट्रॅक्टरबाबत हा प्रकार पूर्णतः वर्ज्य समजावा.

हेतुपुरस्सर वायर काढणाऱ्यांपेक्षा ढिल्या वायरीमुळे नुकसान सोसणाऱ्यांची संख्या अधिक असावी. ट्रॅक्टर नांगरटीत किंवा ऊस भरून खडबडीत रस्त्याने जाताना सतत हादरतो. बॅटरी आपल्या पेटीत घट्ट बांधलेली नसेल तर ती उड्या मारते, टर्मिनल हळूहळू सैल होते, आणि मग चालता चालता जोड क्षणभर सुटतो, पुन्हा लागतो. प्रत्येक सुटण्याबरोबर एक उसळी. मालकाला फक्त एवढेच जाणवते की, दिवे अधूनमधून लुकलुकतात. टर्मिनलावर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर जोड आणखी कच्चा होतो. कित्येक जण अशा वेळी टर्मिनलावर दगड मारून ते घट्ट बसविल्याचे समाधान मानतात. त्याने बॅटरीचा खांब आतून हलतो आणि जोड पहिल्यापेक्षा वाईट होतो.

याचा उपाय अर्ध्या तासाचा आहे. इंजिन बंद करावे, किल्ली काढावी. प्रथम ऋण म्हणजे काळी वायर सोडावी, नंतर धन म्हणजे लाल. हा क्रम मुद्दाम आहे. लाल वायर आधी सोडताना पाना ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकला तर ठिणगी उडते व बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू पेट घेऊ शकतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ते पाणी टर्मिनलावर ओतावे. भुकटी फसफसून निघते. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत मात्र जाऊ देऊ नये. खांब व टर्मिनल तारेच्या ब्रशने चकचकीत करून, आधी लाल व नंतर काळी वायर जोडून, नट पान्याने आवळावा आणि वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन लावावे. ग्रीस जोडाच्या वर लावायचे असते, जोडाच्या आत नव्हे. काळ्या वायरचे दुसरे टोक ट्रॅक्टरच्या अंगाला जेथे बसविलेले असते तेथेही पाहावे. रंगकाम करून घेतलेल्या ट्रॅक्टरवर हे टोक पुष्कळदा रंगावरच आवळलेले असते, आणि सगळी तक्रार तेथूनच उद्भवते.

उसनी वीज

दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीवरून ट्रॅक्टर सुरू करणे हे खेड्यात नित्याचे झाले आहे. यात दोन चुका घडतात आणि दोन्ही महागात पडतात.

पहिली चूक म्हणजे ट्रकची वीज घेणे. बहुतेक अवजड ट्रकमध्ये १२ व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडून २४ व्होल्टांची यंत्रणा केलेली असते. रस्त्याने जाणारा ट्रक थांबवून त्याच्या दोन्ही टोकांवरून वायरी घेतल्या, तर ट्रॅक्टरवर दुप्पट दाब येतो. सेल्फ जोराने फिरतो हे खरे, आणि पाहणाऱ्याला वाटते की वीज चांगली मिळाली. चांगल्या प्रतीचा इलेक्ट्रॉनिक भाग २४ व्होल्ट साधारणपणे एक मिनिट सोसू शकेल अशी परीक्षा घेऊनच तयार केलेला असतो. परंतु सारेच भाग चांगल्या प्रतीचे नसतात, आणि गडबडीत एक मिनिटाची पाच मिनिटे केव्हा होतात हे कळत नाही. वीज घ्यायची तर १२ व्होल्टांच्या वाहनाचीच घ्यावी. जीप, पिकअप किंवा दुसरा ट्रॅक्टर बहुधा चालेल. तरी बॅटरीवरील आकडा वाचल्याशिवाय वायर लावू नये.

दुसरी चूक उलट जोडणीची. लाल वायर ऋणाला व काळी धनाला लागली, तर अल्टरनेटरमधील डायोड बॅटरीचा सगळा प्रवाह आपल्यातून सरळ वाहू देतात आणि क्षणार्धात जळतात. वायरींचे रंग उडालेले असले किंवा दोन्ही काळ्याच असल्या तर ही चूक सहज घडते. बॅटरीवरच उठावाने अधिक व उणे या खुणा असतात. त्या पुसून, उजेडात पाहून घ्याव्यात. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत धन टोक अंगाला जोडण्याची पद्धत होती. १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेला इंग्लंडमधील फर्ग्युसन टीई-२० हा त्यांतला सुप्रसिद्ध होय. असा म्हातारा कोणी हौसेने सांभाळला असेल, तर काळी वायर नेहमीच अंगाला जाते या समजुतीवर विसंबून त्याला हात लावू नये.

योग्य रीत अशी: दोन्ही वाहने एकमेकांना टेकू न देता जवळ उभी करावीत. दोन्ही बंद असावीत. लाल वायर प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धनाला, मग चांगल्या बॅटरीच्या धनाला लावावी. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या ऋणाला लावून तिचे शेवटचे टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीवर न लावता, तिच्यापासून दूर इंजिनाच्या रंग नसलेल्या जाड लोखंडावर लावावे. शेवटी उडणारी ठिणगी बॅटरीजवळ नको, हा त्यातला हेतू. देणारे वाहन मंद गतीने पाच-दहा मिनिटे चालू ठेवल्यास उतरलेल्या बॅटरीत थोडी धुगधुगी येते. मग ट्रॅक्टर सुरू करावा. आता वायरी काढण्याची घाई सर्वांना होते, पण हाच तो धोक्याचा क्षण. आधी इंजिन मंद गतीवर आणावे आणि ट्रॅक्टरचे पुढचे दिवे लावावेत, म्हणजे उसळीचा काही भाग दिव्यांत जिरेल. आणि मगच ज्या क्रमाने वायरी लावल्या त्याच्या उलट क्रमाने त्या काढाव्यात. ट्रॅक्टरसोबत मिळालेल्या पुस्तिकेत याहून वेगळे काही सांगितले असेल तर पुस्तिकेचे ऐकावे.

वेल्डिंगची गोष्ट

ट्रॉलीचा हूक तुटला, फाळाची दांडी निखळली, बंपराला चीर गेली की ट्रॅक्टर ट्रॉलीसकट वर्कशॉपच्या दारात उभा राहतो आणि वेल्डर तेथल्या तेथे टाके मारून देतो. वेल्डिंग यंत्र १०० ते २०० अँपिअर प्रवाह देते. हा प्रवाह ज्या वाटेने परत यंत्राकडे जाईल ती वाट वेल्डरने अर्थच्या चिमट्याने ठरवायची असते. चिमटा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळ आणि टाका ट्रॉलीच्या टोकाला, अशी मांडणी असेल, तर प्रवाह हुकातून, बेअरिंगांतून, आणि जेथे लोखंडाचा जोड कच्चा असेल तेथे विद्युत्-यंत्रणेच्या बारीक तारांतून वाट काढतो. बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पडतात, ते पुढे काही महिन्यांनी आवाजाने कळतात. तोवर वेल्डिंगचा आणि बेअरिंगचा संबंध कोणाच्या ध्यानीही राहत नाही. इलेक्ट्रॉनिक पेटी मात्र त्याच दिवशी कळविते.

ट्रॉलीचे काम असेल तर ट्रॉली सोडावी, तिच्या दिव्यांचा प्लग काढावा आणि ट्रॅक्टर बाजूला न्यावा. हा सर्वांत सोपा व खात्रीचा मार्ग असून त्याला फक्त एक पिन काढावी लागते. ट्रॅक्टरच्याच अंगावर टाका मारायचा असेल, तर किल्ली बंद करून काही मिनिटे थांबावे, कारण काही इंजिनांची इलेक्ट्रॉनिक पेटी किल्ली बंद झाल्यावरही थोडा वेळ आपले काम आवरीत असते. मग बॅटरीची ऋण व नंतर धन अशा दोन्ही वायरी सोडून बाजूला बांधून ठेवाव्यात. अल्टरनेटरची वायर आणि इलेक्ट्रॉनिक पेटीचे प्लग काढावेत. काही ट्रॅक्टरांवर बॅटरी तोडणारा खटका असतो; तो एकच बाजू तोडतो, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. अर्थचा चिमटा, ज्या तुकड्यावर टाका मारायचा त्याच तुकड्यावर, टाक्यापासून वीतभर अंतरावर, गंज खरवडून लावावा. वेल्डिंगच्या केबली ट्रॅक्टरच्या वायरिंगवरून टाकू नयेत.

वर्कशॉपवाले या तयारीला कंटाळतात. मालकाने स्वतः उभे राहून ती करवून घ्यावी; नंतर भांडून उपयोग होत नाही.

चार्जर आणि गावची वीज

उतरलेली बॅटरी घरच्या विजेवर चार्ज करण्याची सोय आता पुष्कळांकडे आहे. तथापि ट्रान्सफॉर्मर व डायोड एवढ्यावरच चालणारे साधे चार्जर गावच्या विजेबरोबर हेलकावे खातात. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की दाब उतरतो, आणि मध्यरात्री भार कमी झाला की चढतो. त्या प्रमाणात चार्जरचा दाबही चढतो. बॅटरी ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवून रात्रभर असा चार्जर लावला, तर हा चढलेला दाब सगळ्या यंत्रणेवर येतो. म्हणून निदान दोन्ही वायरी सोडून, शक्य तर बॅटरी खाली उतरवून मोकळ्या हवेत चार्ज करावी. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्श्याइतका असावा, म्हणजे ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ८ अँपिअर. काही चार्जरांवर इंजिन लगेच सुरू करण्यासाठी जादा जोराचे बटण असते. इलेक्ट्रॉनिक पेटीच्या ट्रॅक्टरवर ते वापरू नये.

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात विजा पडतात, त्याविषयी थोडेसे. आकाशातील विजेपुढे खाली सांगितलेल्या कोणत्याही उपायाचा टिकाव लागत नाही. ढग गडगडू लागताच ट्रॅक्टर एकट्या झाडाखाली उभा करू नये, आणि चालकाने उघड्या ट्रॅक्टरवर बसून न राहता पक्क्या घराचा आसरा घ्यावा. येथे प्रश्न यंत्राचा नाही.

लहान वेटोळी आणि हौशीची जोडणी

भोंगा, रिले, सोलेनॉइड यांचे बटण सोडल्यावर त्यांच्या वेटोळ्यांतूनही उसळी निघते. ती अल्टरनेटरच्या उसळीपेक्षा फारच क्षणिक असली, तरी तिचा दाब शंभर व्होल्टांच्या घरात जाऊ शकतो. मूळच्या जोडणीत कारखान्याने याची तजवीज केलेली असते. अडचण येते ती मागाहून बसविलेल्या वस्तूंची. पश्चिम महाराष्ट्रात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांवर गाण्याचे यंत्र, मोठाले कर्णे, रंगीत दिव्यांच्या माळा आणि दोन-तीन भोंगे लावण्याची हौस आहे. हौसेला कोणी नावे ठेवू नयेत. रात्रीच्या रात्री रस्त्यावर काढणाऱ्या चालकाला तिचा विरंगुळा असतो. पण ही सारी जोडणी मूळ वायरिंग सोलून, चिकटपट्टी गुंडाळून केलेली असते, आणि इलेक्ट्रॉनिक पेटीला जाणाऱ्या तारेतूनच भोंग्याला वीज घेतलेली असते. तेथे प्रत्येक भोंग्यागणिक पेटीला टोचणी बसते.

जादा वस्तूंना वीज बॅटरीवरून स्वतंत्र वायरीने, बॅटरीलगतच फ्यूज बसवून घ्यावी. मागाहून लावलेल्या रिलेच्या किंवा सोलेनॉइडच्या दोन टोकांवर एक लहान डायोड बसवावा. बाजारात १एन४००७ या क्रमांकाने मिळणारा साध्या रिलेला पुरतो. त्याची रुपेरी पट्टी असलेली बाजू धन टोकाला आली पाहिजे. ती उलट बसली तर बटण दाबताच शॉर्ट होऊन फ्यूज उडेल, आणि फ्यूज नसेल तर वायर जळेल. हे काम रेडिओ-दुरुस्ती जाणणाऱ्याकडून करून घेणे बरे.

फ्यूजविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. फ्यूज आहे म्हणजे उसळीची भीती नाही, असे अनेकांना वाटते. फ्यूज प्रवाह फार झाला तर तापून वितळतो. त्याला वेळ लागतो, आणि दाब किती चढला याची त्याला दादच नसते. इलेक्ट्रॉनिक भाग जळून गेल्यानंतर शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो, म्हणजे वायरिंगला आग लागत नाही, एवढाच त्याचा उपकार. दाब रोखण्यासाठी वेगळे साधन लागते. टीव्हीएस नावाचा डायोड ठरावीक दाबापर्यंत स्वस्थ असतो आणि त्यावर दाब जाताच स्वतःतून वाट करून देऊन उसळी जिरवितो. आजच्या चांगल्या अल्टरनेटरमधील मुख्य डायोडच या जातीचे असतात आणि ते उसळीचा माथा सुमारे ३५ व्होल्टांवर छाटतात. अल्टरनेटर दुरुस्तीला दिला असता त्या जागी स्वस्तातले साधे डायोड बसविले गेले, तर चार्जिंग पूर्वीसारखेच होते, आकडा पूर्वीसारखाच दिसतो, पण हे संरक्षण गेलेले असते आणि ते गेल्याचे पहिल्या उसळीपर्यंत कळत नाही. दुरुस्ती करून घेताना मूळ जातीचेच डायोड मागावेत, याचे कारण हे आहे.

मीटरने पाहावे

वायर ओढून करावयाच्या परीक्षेच्या जागी काय करावे, हे सांगितल्याशिवाय ती रीत सुटणार नाही. साधा मल्टिमीटर तालुक्याच्या कोणत्याही विजेच्या दुकानात मिळतो. तो डीसीच्या २० व्होल्टांच्या घरावर ठेवावा, लाल टोक बॅटरीच्या धन खांबावर व काळे ऋण खांबावर टेकवावे.

रात्रभर विसावलेली, पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ च्या आसपास ती अर्धी समजावी, आणि १२ च्या खाली गेली तर ती उतरलीच. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली घसरला, तर बॅटरी दुबळी आहे किंवा जोड कच्चा आहे. इंजिन सुरू करून मध्यम गतीवर ठेवले असता आकडा साधारणतः १३.८ ते १४.५ यांच्या दरम्यान स्थिर व्हावा. दिवे लावल्यावरही तो १३.५ च्या आसपास टिकला तर अल्टरनेटर ठीक आहे. तो १२.५ वरच घुटमळत असेल तर चार्जिंग होत नाही. प्रथम पट्टा ढिला आहे काय ते पाहावे. आणि इंजिनाच्या गतीबरोबर आकडा १५ च्या वर चढत जात असेल तर रेग्युलेटर गेला आहे. ही क्षणिक उसळी नव्हे, हा कायमचा चढता ताप होय. अशा ट्रॅक्टरच्या बॅटरीतील पाणी वारंवार आटते, झाकणाजवळ आम्लाचा वास येतो आणि दिव्यांचे बल्ब महिन्या-पंधरवड्याला जातात. बल्ब बदलीत राहणे हा त्यावर उपाय नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उन्हाळ्यात, अवजारांची दुरुस्ती चालू असते त्या दिवसांत, गावातील ट्रॅक्टर एका ठिकाणी जमवून ही तपासणी करून दाखविल्यास तिचा उपयोग होईल. गावातील मिस्त्री व वेल्डर यांना अशा वेळी आवर्जून बोलवावे, आणि मीटर त्यांच्याच हाती द्यावा. चालू इंजिनावर वायर काढण्याची रीत त्यांच्याकडूनच पुढच्या पोराकडे जाते. ती तेथेच थांबविता आली तर पाहावे. प्रत्येक मालकाने आपल्या ट्रॅक्टरचे आकडे, म्हणजे बंद असतानाचा, सेल्फ मारतानाचा व चालू असतानाचा, तारखेसह हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी त्यांच्याशी ताडून पाहता येते.

इतकी काळजी घेऊनही एखादे वेळी उसळी येऊन काही जळालेच, तर दुरुस्तीचा क्रम चुकू देऊ नये. इंजिन बंद पडले, डॅशबोर्ड मेला की सारे लक्ष इलेक्ट्रॉनिक पेटीकडे जाते आणि सर्वांत महाग वस्तू सर्वांत आधी बदलली जाते. वास्तविक पहिल्याने फ्यूज पाहावेत, मग बॅटरीचे दोन्ही जोड व अंगावरचा अर्थ. नंतर अल्टरनेटर काढून तपासून घ्यावा. त्यातले डायोड शॉर्ट झाले असतील किंवा रेग्युलेटर बिघडला असेल तर ते कळेल. ज्या दोषामुळे पहिली पेटी जळाली तो दोष तसाच राहिला, तर नवी पेटी बसवून किल्ली फिरविताच तिचीही तीच गत होते. अल्टरनेटर दुरुस्त होऊन आला, जोड आवळले गेले, की नवी पेटी बसविण्यापूर्वी, इंजिन जुन्या पद्धतीचे असल्यास ते चालू करून १४ व्होल्टांचा आकडा डोळ्यांनी पाहावा. पेटीविना इंजिन चालत नसेल, तर अल्टरनेटर वर्कशॉपच्या फिरत्या मेजावर चालवून तोच आकडा दुकानदाराकडून दाखवून घ्यावा, आणि मगच नव्या पेटीचे वेष्टन फोडावे.